दंडाची पावती

कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेला वनहक्काचा दावा नामंजूर झाल्याचं पत्र त्या घरी दिवाळीच्या आधीच पोचलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून ते कुडाच्या भिंतीत खोचून ठेवलेलं. आश्रमशाळेला सुट्टी लागली, नववीतली नात घरी आली, तिने ते काढून वाचलं. मग रेंज मिळावी म्हणून टेकडी चढून तिने मला फोन केला. "ताई, 'पुरेसा पुरावा नाही' एवढंच लिहिलंय. आता काय करायचं?"

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात वारली पाड्यांवर दावे तयार करायला मदत करणं हे माझं काम. निर्णय कळल्यापासून 60 दिवसांत वर दाद मागता येते. पण खरी घाई वेगळीच होती. तुळशीचं लग्न झालं की वीटभट्ट्यांचे ट्रक मजुरांना न्यायला पाड्यावर येऊ लागतात. दाव्यासाठी भरणाऱ्या ग्रामसभेला किमान निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. ट्रक आल्यावर एवढी माणसं आणायची कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. खळ्यावर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वाळत होती. आजोबांना म्हटलं, "बाबा, घरात शिक्का मारलेला जो काही कागद असेल तो दाखवा." ते बराच वेळ बसूनच राहिले. शेवटी आजीच उठली आणि चुलीवरच्या माळ्यावरून बांबूची एक नळी काढून आणली. धुराने काळी कुळकुळीत झालेली. आत मिठाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. जुन्या रेशनकार्डाचं पान, कुणाच्या तरी लसीकरणाचं कार्ड, मतदानाची चिठ्ठी. धुरामुळे एकालाही वाळवी लागलेली नव्हती. अगदी आतल्या बाजूला तीन चिठोऱ्या होत्या. त्या मात्र आजोबा हातातून सोडेनात.

"यो गुन्ह्याचा कागद हाय. दाखवला का आत टाकतील."

वनरक्षकाने केलेल्या दंडाच्या पावत्या होत्या त्या. कार्बनची निळी शाई पुसट झालेली, घडीवर कागद फाटलेला, गोल शिक्का अर्धाच उमटलेला. नातीने उजेडात धरून एकेक अक्षर लावत वाचलं: "वनजमिनीत बेकायदा लागवड. दंड रुपये पंचाहत्तर. जुलै 1993."

मला क्षणभर काही बोलता येईना. वनहक्क कायद्याखाली व्यक्तिगत दाव्यात सगळं अडतं ते एका तारखेवर. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून जमीन कसत होतात हे दाखवावं लागतं. इथे तर त्या तारखेच्या 12 वर्षं आधी खुद्द वनखात्याच्याच माणसाने लिहून दिलं होतं, की हा माणूस या जागेत शेती करतो. गुन्हा म्हणून लिहिलं असेल, पण लिहिलं होतं. वनखात्याचं दप्तर नियमांत पुरावा म्हणून धरलेलं आहे, आणि बहुतेक पाड्यांवर असा कागद कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतोच. लोक तो लपवतात, कारण तो दाखवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात फेब्रुवारी 2019मध्ये दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्याची बातमी एका दिवसात पाड्यापाड्यांवर पोचली होती. दोन आठवड्यांत त्याला स्थगिती मिळाली, ती बातमी मात्र आजोबांपर्यंत कधी आलीच नाही. तेव्हापासून त्यांनी ती नळी आणखी आत सरकवून ठेवली होती.

पण पावतीवर नाव चुकलेलं होतं. वडिलांच्या नावात अक्षर वेगळं आणि आडनावाच्या जागी पाड्याचंच नाव. अनुभवाने सांगते, एवढ्यावरूनच प्रकरण परत येतं. 1993च्या आसपास याच नावाने दुसरी कुठली सरकारी नोंद सापडते का, ते बघायला हवं होतं. नातच म्हणाली, "माझे बाबा शाळेत होते ना दोन वर्षं."

जिल्हा परिषदेची शाळा खाली ओढ्यापलीकडे. सुट्टी असूनही मुख्याध्यापक मोटरसायकलवरून आले आणि कपाट उघडून दिलं. जनरल रजिस्टर टेबलभर पसरलं. आजोबा, नात, तिचे बाबा आणि मी, चौघं वाकून बघत होतो. तिच्या बोटाखाली ती ओळ सापडली. दाखल झाल्याची तारीख जून 1992ची. पालकाचं नाव पावतीवर होतं तस्संच, त्याच चुकीसकट, आणि पाडाही तोच. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. मी फोटोसाठी मोबाईल काढला, तर ती पुढचे रकाने वाचत होती.

"शाळा सोडल्याची तारीख, डिसेंबर 1993. कारण, सतत गैरहजर."

तिने वळून बाबांकडे पाहिलं. ते तोवर एक शब्दही बोलले नव्हते. म्हणाले, "हजरच होतो मी. भट्टीवर."

मग तुटक तुटक सगळं सांगितलं. त्या पावसाळ्यात वनरक्षकाने दंड तर केलाच, शिवाय लावलेली नागलीची रोपंही उपटून टाकली. कणगी रिकामी राहिली. दिवाळीनंतर घराने पहिल्यांदा भट्टीवाल्याकडून उचल घेतली आणि सगळे भिवंडीकडे गेले. सात वर्षांचा पोरगा कच्च्या विटा उलटायला. परत आले तेव्हा पटावर नाव नव्हतं.

माझ्या कामाच्या अहवालात शिक्षण आणि वनहक्क असे दोन निरनिराळे तक्ते असतात. मी ते दर महिन्याला निमूटपणे भरत आले. पण जुलैची ती पावती आणि डिसेंबरची ती ओळ टेबलावर शेजारी शेजारी होत्या, आणि मधल्या पाच महिन्यांत काय झालं ते सांगणारा माणूस समोर उभा होता. पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून द्या असं प्रशिक्षणांत सांगतात, आणि मीही ते पाड्यावर बोलले आहे. त्याची मला फार लाज वाटली. महत्त्व त्यांना पटलेलंच असतं. पण होळीपर्यंत पुरेल एवढं धान्य घरात नसेल, तर पोर शाळेत मागे ठेवायचं कुणाच्या जिवावर? हक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो. जमीन विकता येत नाही, पण पोराबाळांकडे जाते. सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद होते. रोजगार हमीतून बांधबंदिस्ती होते, विहीर होऊ शकते. एवढं झालं तरी घरातलं एक माणूस मागे राहू शकतं, आणि त्याच्याजवळ पोरं.

संध्याकाळी शेजारच्या म्हातारीचा जबाब घेतला. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुराव्यात धरतात. तिला सन सांगता येत नव्हता. "माझा थोरला पोटात होता तवा यांनी दगडाचा बांध घातला," म्हणाली. नातीने तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. त्या थोरल्याच्या मतदार ओळखपत्रावरून साल काढलं. बांधाचे फोटो पंचांसमोर काढले. चौथ्या दिवशी ग्रामसभा झाली, ट्रक यायच्या आत. बाया निम्म्याहून जास्त होत्या.

तालुक्याच्या गावी कागद देऊन पोच घेतली. आजोबांनी ती दोन्ही हातांत धरली आणि नातीला विचारलं, "यात काय लिवलाय?" तिने वाचून दाखवलं. घरी गेल्यावर त्यांनी ती त्याच नळीत ठेवली, पण या वेळी पावत्यांच्या वर.

सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. नातीचे आई-बाबा ठरल्याप्रमाणे भट्टीवर गेले, कारण उचल आधीच घेतलेली होती. तिचा तिसरीतला भाऊ मात्र या वर्षी आजीजवळ राहिलाय. गेल्या सोमवारी मी शाळेवरून गेले तेव्हा तो हजेरी द्यायला उभा होता.