दर दहा लिटरला

जुनी गाडी शोधायला बाहेर पडलं की पहिल्याच आठवड्यात कळतं, महाराष्ट्रातल्या यच्चयावत जुन्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. ज्या डॉक्टरांच्या नसतात त्या 'लेडीज हँड' असतात, आणि उरलेल्या फक्त चतुर्थीला गणपतीला जाऊन येतात. रोज हडपसरच्या गर्दीत घासून निघणाऱ्या गाड्या विकायच्या वेळी कुठे गडप होतात, देव जाणे.

तीन लाखांच्या आतली गाडी हवी होती. नवरा म्हणाला, तू बघ, मला त्यातलं कळत नाही. मलाही कळत नव्हतं, पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक मेस्त्री आहेत, त्यांना कळतं. दर खेपेला पाचशे रुपये आणि वाटेत मिसळ, या बोलीवर ते रविवारचे माझ्याबरोबर यायला तयार झाले.

डॉक्टरांच्या गाडीवर मी भाळले होते. मेस्त्रींनी पहिल्याच झटक्यात मोडता घातला. "ताई, खरंच डॉक्टरची असंल तर आधी नको. घर ते दवाखाना दोन किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद. आत पाणी सुटतं, ऑइलची वाट लागते. त्यापेक्षा हायवेला ऐंशी हजार किलोमीटर पळालेली परवडली." आणि ऑइलचं झाकण उघडून त्यांनी आतून लागलेली साय मला दाखवली. दुधावरची असते तशीच, फक्त बघून भूक मरते.

मग मलाही चटक लागली. निघण्याआधी फोन करून सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं की समजायचं, सकाळी गार इंजिन जे रडगाणं गातं ते आपल्या कानावर पडू नये याची सोय झालेली आहे.

एका गाडीचं मीटर बत्तीस हजार म्हणत होतं. गाडी २०१६ ची. मेस्त्री खाली वाकले आणि क्लचच्या पेडलवर अंगठा फिरवून आले. रबर पार गुळगुळीत. मग टायरवरचे शेवटचे चार आकडे त्यांनी मला वाचायला लावले. १४२१. म्हणजे २०२१ सालातल्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला. चारही टायर तसेच. "बत्तीस हजारांत पहिला सेट संपवून दुसरा टाकला व्हय?" असं त्यांनी विकणाऱ्याला फार प्रेमानं विचारलं. मीटर पाडणं, म्हणजे आकडा मागे फिरवणं, सोपं असतं. पेडलचं रबर बदलायचं मात्र लोक विसरतात. गुन्हेगार चुका करतात त्या अशाच.

दुसऱ्या एका ठिकाणची गाडी इतकी चकचकीत होती की मी मनातल्या मनात हारसुद्धा घातला. आत अत्तराचा घमघमाट. मेस्त्रींनी नाक मुरडलं, मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्टचा पट्टा ओढत राहिले, ओढत राहिले, पार शेवटपर्यंत. शेवटचा वीतभर भाग मातकट होता. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आपल्याकडे हा पट्टा ओढायची अक्कल बऱ्याच जणांना आली. सीटची कव्हरं बदलतात, पट्ट्याच्या गुंडाळीत शिरलेला गाळ तसाच राहतो. "चहा सांडला असेल कुणाचा तरी," विक्रेता म्हणाला. गाडीभर?

कागदांचं मी करत होते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, गाडी नावावर करायच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या, चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घेणे. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर मिळतो असं मला दोघांनी छातीठोकपणे सांगितलं. मिळत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो.

शेवटी गाडी मिळाली ती साताऱ्यात. वॅगन-आर, २०१६ ची, एकसष्ट हजार चाललेली. मालक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका. बॉनेट गार. पट्टा स्वच्छ. मेस्त्री पंधरा मिनिटं गाडीखाली होते आणि बाहेर आले ते गप्प, जे त्यांच्या बाबतीत कौतुकच धरायचं. "के-टेन इंजिन, चेनचं. इंजिनाचा बेल्ट बदलायची कटकट नाही," एवढंच म्हणाले.

मग काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून लांबट वही काढली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, मीटरचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात १७९, १८४, १८१. हे काय ते मला कळेना. १८४ काय? ॲव्हरेज म्हणावं तर विमानालाही जमायचं नाही.

"केपीटीएल," काका म्हणाले. एसटीत डिझेलचा हिशेब दर दहा लिटरला किती किलोमीटर असा लावतात. आयुष्यभर तीच सवय, घरची गाडीही त्याच मापात बसवलेली. एका महिन्यात आकडा १६२ वर आला होता. समोर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चि. पुण्याला घेऊन गेला होता.'

मेस्त्रींनी वही उलटसुलट चाळली. "मीटर पाडता येतं हो. पण आठ वर्षांचं पेट्रोल कोण बसून लिहील?"

भाव फारसा केला नाही. पाच हजार सुटले, तेही काकूंनी सांगितल्यावर. मी वही मागितली. काका म्हणाले, फोटो काढून घ्या. पेन काढून त्यांनी त्या दिवशीची तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला, शेवटचा रकाना मोकळा सोडला आणि वही शर्टाच्या आत, बनियनला लागून, सरकवली.

मी गाडी गेटबाहेर काढली तेव्हा ते खिडकीपाशी आले.

"टाकीत दहा लिटर आहे. संपलं की आकडा कळवा."