आईला या वयात मोबाइलवर शिकणं जमेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हा प्रश्न मला विचारणारे बहुतेक जण विशी-पंचविशीतले असतात आणि विचारत असतात आईसाठी, मावशीसाठी, कधी वहिनीसाठी. "आईचं बी.ए. राहून गेलंय. मुक्त विद्यापीठात नाव घालायचं म्हणते, पण आता सगळं मोबाइलवर असतं म्हणे. जमेल का तिला?" मी तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रात रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून शिकवते. या वयाचे विद्यार्थी जवळून पाहते, म्हणून ठामपणे सांगते: मोबाइल जमतो. भिशीचे पैसे यूपीआयने पाठवणाऱ्या बाईला पीडीएफ उघडता येणार नाही, असं समजायचं काही कारण नाही.

जड जातं ते सलग बसणं. माझ्या वर्गात अंगणवाडी सेविका असतात, त्यांना मध्येच सर्वेक्षणाचं काम लागतं. एसटीचे वाहक असतात, त्यांची मुक्कामी ड्युटी लागली की रविवार बुडतो. कांदा काढणी आली, सासऱ्यांचं दुखणं निघालं, मुलगी बाळंतपणाला माहेरी आली की वही मिटते ती दोन-दोन महिने. मोठ्या वयातलं शिकणं असंच तुकड्यातुकड्यांनी होतं. त्यामुळे यांच्यासाठी केलेलं कुठलंही तंत्रज्ञान मी एकाच कसोटीवर घासून पाहते: अभ्यास तुटला तर तो पुन्हा तिथूनच जोडता येतो का?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. मुक्त विद्यापीठाचं पुस्तक एकट्याने वाचता यावं म्हणून मुद्दाम तसं लिहिलेलं असतं. घटक छोटे, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. चार पानं वाचून ठेवून द्यावं, आठवड्याने उघडावं, तरी सूत हरवत नाही. आजच्या कितीतरी ॲपना हे साधत नाही.

दूरचित्रवाणीला ते सुरुवातीला साधलं नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर लागायचे, पण ठरलेल्या वेळी. त्या वेळी शेतात असलेल्या बाईचा पाठ गेला तो गेलाच. २०१७ मध्ये 'स्वयंप्रभा' या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्या आल्या तेव्हा त्यांची आखणीच अशी केली की रोज चार तासांचा नवा मजकूर आणि दिवसभरात त्याचीच पुन्हा पाच वेळा फेरी. हे ज्याला सुचलं, त्याला घरातली कामं ठाऊक असणार. आयआयटींच्या 'एनपीटेल' या ऑनलाइन अभ्यासक्रमांचाही एक नियम मला आवडतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला गृहपाठ असतो, पण गुण धरतात ते सर्वोत्तम ८ गृहपाठांचे. म्हणजे चार आठवडे कोणाचंही विस्कटू शकतं, हे आधीच मान्य केलेलं आहे.

याच्या उलट, सकाळी अकराला थेट तास, हजेरी सक्तीची आणि नंतर रेकॉर्डिंग नाही, असंही मी पाहिलं आहे. त्याला आधुनिक म्हणायची माझी तयारी नाही.

आमच्या केंद्रावर सगळ्यांत उपयोगी पडलेलं साधन म्हणजे आवाज. मी एकेका मुद्द्यावर पाच-सात मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकते. व्हिडिओ बघायला डोळे लागतात, आणि भाकऱ्या थापताना, भाजी निवडताना मोकळे असतात ते कान. शिवाय आवाजाची फाइल लहान असते. रोजचा डेटा मध्यरात्री संपतो, म्हणून बायका रात्री साडेअकराला आठवड्याचं सगळं उतरवून ठेवतात आणि सकाळी बिनइंटरनेटचं ऐकतात. ऐकलेलं परत ऐकता येतं, हे तर फार मोलाचं. वर्गात "सर, पुन्हा सांगा" म्हणायला चाळिशीतली बाई लाजते. फोनला तेच दहादा विचारलं तरी कोणी मान वळवून बघत नाही.

तसंच बोलून टाइप करणं. वीस वर्षांत हातात पेन न धरलेल्या विद्यार्थिनीला मी सांगते की प्रश्न वाच आणि उत्तर फोनला मराठीत बोलून दाखव. समोर अक्षरं उमटतात, त्यातलं हवं ते ती वहीत उतरवते. आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे, हे तिला त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसतं. त्यानंतर पेन चालायला लागतं.

पण मराठी अभ्याससाहित्य पुष्कळदा जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना ओळखता येणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये किंवा पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये असतं. त्यात शब्द शोधता येत नाही, फोनला ते धड वाचूनही दाखवता येत नाही. दृष्टी अधू असलेल्या विद्यार्थ्याला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. नवी ॲप काढण्याआधी कोणीतरी ही जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये आणावीत, असं मला मनापासून वाटतं. हे काम दिखाऊ नाही, म्हणून मागे पडतं.

सगळ्यांत मोठा बदल मात्र पाठांमध्ये झालेला नाही, हिशेबात झाला आहे. २०२१ पासून 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहे. पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, तिथे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यावर जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पहिलं वर्ष करून थांबलेल्या बाईला आजवर घरात "सोडलं तिने" असं म्हणत. आता ती थांबलेली असते, आणि तिची कमाई नोंदीवर असते. माझ्या विद्यार्थिनींना मी हे समजावते तेव्हा त्यांचे खांदे सैल पडलेले दिसतात.

हे खातं डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपमधून, आधारवर उघडतं, आणि इथेच खरी अडचण येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नंबरवर जातो, तो कामावर असतो. ईमेल नेटकॅफेवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. "आईला मोबाइल जमत नाही" म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी उकलून पाहिल्या तर आत हेच निघालं.

तेव्हा प्रवेशाच्या आधी तुम्ही एवढं करा. आईच्या स्वतःच्या नावावर सिम घ्या आणि आधारला तोच नंबर जोडा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून नावाची अक्षरं जुळवून बघा. जुळत नसतील तर राजपत्रात नावबदलाला वेळ लागतो, आत्ताच सुरुवात करा. ईमेल तिच्याच हातून काढून घ्या, पासवर्ड तिच्या वहीत तिच्या अक्षरात लिहू द्या. आणि ती शिकत असताना "दे इकडे, मी करते" म्हणून फोन तिच्या हातातून घेऊ नका. आधी सावकाश होईल. होऊ द्या.