पान लागलं त्या रात्री

आमच्या भागात रात्री कुणी 'साप' हा शब्द उच्चारत नाही. 'जनावर' म्हणतात, नाहीतर 'लांबडं'. चावला तर 'पान लागलं'. मी लातूरकडची. कोकणातल्या या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात एक बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, सासऱ्यांना पान लागलंय." मला अर्थच कळला नाही. सिस्टरांनी हळूच कानात सांगितला. नाव घेतलं की ते येतं, ही भीती इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती भाषेतच जाऊन बसली आहे. पुढे मीही तेच शब्द वापरू लागले.

ज्या रात्रीबद्दल लिहितेय ती जुलैतली, भातलावणीच्या ऐन दिवसांतली. दिवसभर पाऊस होता. साडेदहाच्या सुमारास एक टेम्पो आवारात शिरला आणि त्यातून दहा-बारा माणसं उतरली. मध्ये तिशीतला एक तरुण, दोघांच्या खांद्यांवर हात टाकलेला. पोटरीवर सुंभाची दोरी इतकी करकचून बांधलेली, की पाऊल काळंनिळं पडलं होतं. तो ओरडत होता, "जीभ जड झाली, हातात मुंग्या चढल्या, विष वर आलं." दोन्ही हातांची बोटं आखडून चोचीसारखी झाली होती. वाटेत त्याला कडुनिंबाचा पाला चावायला दिला होता. तो कडू लागला नाही, म्हणजे विष भिनलं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आई पायरीवर बसून छाती बडवत होती.

साप त्यांनी मारून खताच्या पिशवीत आणला होता. असं करू नका म्हणून आम्ही नेहमी सांगतो. त्या नादात वेळ जातो आणि दुसऱ्यालाही चावा बसतो. पण आणलाच होता, म्हणून बॅटरीच्या उजेडात पाहिला. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, डोळ्याखाली दोन काळ्या तिरक्या रेघा. दिवड. पाण्याकाठची, चिडकी, कडकडून चावणारी, पण बिनविषारी.

मग त्याच्या मुंग्या कसल्या? त्या खऱ्याच होत्या. माणूस घाबरला की धापा टाकतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हात आखडतात. तोंड कोरडं पडतं, चव लागत नाही. भीती शरीरात जे करते ते अगदी विषासारखं दिसतं, आणि ते दिसलं की माणूस आणखी घाबरतो. "काही झालेलं नाही, उगीच घाबरलास" हे वाक्य मी अशा वेळी कधीच म्हणत नाही. त्याला जे होत असतं ते त्याच्या अंगात खरोखर होत असतं.

सलाइनसाठी सुई लावून ठेवली आणि मगच दोरी सोडली. स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसले आणि माझ्याबरोबर श्वास सोडायला लावला, सावकाश, तोंडाचा चंबू करून. मग काचेच्या कोरड्या नळीत त्याचं २ मिली रक्त घेतलं. ते २० मिनिटं हात न लावता ठेवायचं आणि नंतर नळी आडवी करायची. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, पाण्यासारखं वाहतं. त्याचं गोठलं होतं. मी नळी त्याच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. "बघ, थेंब हलला का?" तो बराच वेळ नळीकडे पाहत राहिला. बोटं सुटली. साडेअकराला तो आईला म्हणाला, "भूक लागली." पापण्या आणि श्वास ठीक होते. तरी २४ तास नजरेखाली ठेवायचं म्हणून त्याला खाटेवर झोपवलं. गर्दी पांगली.

मी मात्र जागीच होते. पावसाळ्यात मला तशीही झोप लागत नाही, आणि त्याला कारण आहे.

रुजू होऊन चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. घोणस चावलेले पन्नाशीचे एक शेतकरी आले. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त, नळीतलं रक्त २० मिनिटांनीही पातळ. निदानात काडीची शंका नव्हती. फ्रीजमध्ये प्रतिविषाच्या १४ व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, होत्या आणि सुरुवातीला १० लागतात. तरीही मी ते सुरू केलं नाही. हे औषध घोड्याच्या रक्तातून बनतं. काही जणांना त्याची जोरदार रिअ‍ॅक्शन येते, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो. ती सावरता येते, हे मी शिकले होते. पण मी एकटी होते, बाहेर ४० माणसं उभी होती, आणि कुठल्या तरी केंद्रात डॉक्टरला मारहाण झाल्याची बातमी महिन्याभरापूर्वीच वाचली होती. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'पुढील उपचारांसाठी पाठवत आहे.' जिल्ह्याचं रुग्णालय सव्वादोन तासांवर. त्या सव्वादोन तासांत विष आपलं काम करत राहिलं. मूत्रपिंडं बंद पडली, डायलिसिस लागलं, महिनाभर ते तिथेच होते. लावणी झाली नाही. बैलजोडी विकावी लागली.

दिवाळीनंतर ते मला भेटायला आले, पावट्याच्या शेंगांची पिशवी घेऊन. म्हणाले, "तुम्ही वेळ न घालवता पाठवलंत म्हणून वाचलो." मी मान हलवली. खरं काय ते त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. आज ते इथे लिहितेय.

आपल्याकडे सर्पदंशाबद्दल बोलणं निघालं की भगताचा विषय निघतो. लोक आधी त्याच्याकडे जातात, वेळ जातो, माणूस दगावतो. हे खरंच आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातले कित्येक जण दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. पण जे पोचले त्यांना तिथून औषधाविना पुढे पाठवणाऱ्या आमच्या भीतीबद्दल आम्ही डॉक्टर फार कमी बोलतो. ती एका कागदावर नीट अक्षरात लिहिलेली असते, वर शिक्का असतो, म्हणून ती भीती आहे असं वाटत नाही एवढंच. याच कोकणात, महाडच्या परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून, प्राझोसिन हे औषध देऊन माणसं वाचवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कॉलेजात आम्ही ते अभिमानाने ऐकलं होतं. तरी खाटेजवळ बसायची वेळ आली तेव्हा मी चिठ्ठी लिहिली.

शेंगांच्या त्या पिशवीनंतर मी उपचारांची पद्धत मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावली. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, ती धरायचा सराव सिस्टर आणि मी उशीवर केला. पण भीती गेली नव्हती.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. एकटीच, डोक्यावर इरलं. घाई नाही, आरडाओरडा नाही. "रात्रीपासून पोटात दुखतंय हिच्या. दोनदा उलटी झाली. आता नुसती झोपेला आलीय." मुलगी शांत होती. दिवडवाल्याच्या वेळी अख्खी वाडी आली होती. हिच्याबरोबर कुणी नव्हतं, कारण घाबरण्यासारखं काही आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

मी तिला वर बघायला सांगितलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. उशीवरून मान उचल म्हटलं, उचलता येईना. एका श्वासात आकडे मोज म्हटलं, सातवर थांबली. आवाज नाकातून येत होता.

"कुठे झोपली होती?"

"खालीच, जमिनीवर. घर गळतंय, म्हणून भिंतीकडेला अंथरलं होतं."

अंगावर कुठेही खूण नव्हती. पण मण्यारीचा चावा असाच असतो. ती रात्री घरात शिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की डास चावल्यासारखं वाटतं किंवा काहीच वाटत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, मग गिळता येत नाही, मग छाती हलायची थांबते. मी आईला म्हटलं, "हिला पान लागलंय." तिचा चेहरा मी इथे लिहिणार नाही.

रेफरचं पुस्तक टेबलावरच होतं. माझा हात तिकडे गेला, हे मला स्पष्ट आठवतं. मूल होतं, रिअ‍ॅक्शन आली तर, श्वास थांबला तर, सगळं मनात आलं. मग १०८ला फोन लावला आणि सिस्टरांना म्हटलं, "दहा काढा." लहान मुलालाही तेवढीच मात्रा लागते, कारण सापाने मूल पाहून विष कमी टोचलेलं नसतं.

प्रतिविष पावडरीच्या रूपात असतं. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती तळहातांत हलके फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. एकेक विरघळायला वेळ लागतो. सिस्टर, शिपाई मामा आणि मी, तिघंही व्हायल फिरवत उभे होतो, आणि माझे हात थरथरत असल्याने फेस होईल की काय ही वेगळीच धास्ती. भरलेली अ‍ॅड्रेनलिनची सिरिंज ट्रेमध्ये तयार ठेवली. पाच वाजायच्या आत ड्रिप सुरू झाली.

पंधराव्या मिनिटाला ती खोकली. पोटावर लाल गांध्या उठल्या. नाडी हाताला लागेनाशी झाली. ज्याला भिऊन मी कधीकाळी एका माणसाला सव्वादोन तास दूर पाठवलं होतं, ते समोर घडत होतं. ड्रिप बंद केली आणि मांडीत अ‍ॅड्रेनलिन टोचलं, पाव मिली. एवढंसंच औषध. घाबरल्यावर आपल्याच ग्रंथी जे रक्तात ओततात तेच हे. रात्री त्या दिवडवाल्याच्या अंगात ते उतू जात होतं. पाच-सात मिनिटांत मनगटाची नाडी परत आली. गांध्या फिकट झाल्या. वीस मिनिटांनी ड्रिप पुन्हा सुरू केली, आधी हळू, मग नेहमीच्या गतीने.

पण मण्यारीचं विष एकदा नसांच्या टोकांना चिकटलं की प्रतिविष ते सोडवू शकत नाही. ते फक्त पुढचं नुकसान रोखतं. सहाच्या सुमारास तिची छाती हलेनाशी झाली. ऑक्सिजन लावून अँबू बॅग धरली. डोळे पूर्ण मिटलेले, हातपाय सैल. दारातून कुणीतरी म्हणालं, "गेली पोर." मी वळून ओरडले, "ती ऐकतेय!" कारण हे विष स्नायूंना बांधतं, मेंदू जागा असतो. तिला सगळं कळत होतं, फक्त कळतंय असं सांगता येत नव्हतं. त्याहून मोठी भीती मला माहीत नाही.

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. दिवडवाला तरुण लंगडत तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, रडू नका. मी पण मेलोच होतो. मॅडमनी वाचवलं." मी त्याला खोडून काढलं नाही.

रुग्णवाहिकेत मी तिच्या डोक्याशी बसले. दर तीन सेकंदांनी एकदा बॅग दाबायची. लय चुकू नये म्हणून मोठ्याने मोजत होते आणि मध्ये मध्ये तिच्याशी बोलत होते: आता घाट उतरतोय, आता पूल आला, आई पुढे बसलीय, श्वास मी घेतेय तुझ्यासाठी, तू फक्त ऐक. शंभर झाले की पुन्हा एकपासून. हात बधिर झाले की रुग्णवाहिकेतले डॉक्टर बॅग घेत. जिल्ह्याला पोचून व्हेंटिलेटर लागला तेव्हा पावणेनऊ झाले होते. त्यावर ती चार दिवस होती. पाचव्या दिवशी डोळे उघडले.

ऑगस्टच्या शेवटी आई तिला दाखवायला घेऊन आली. मुलगी टेबलाला टेकून उभी होती, नजर जमिनीकडे. मी वजन घेतलं, डोळे तपासले, मान उचलायला लावली. मग ती अचानक म्हणाली, "तुम्ही एकदा छत्तीसला थांबलात."

मला कळेना.

"गाडीत. छत्तीस म्हणालात आणि पुढे काहीच बोलला नाहीत. मी आतल्या आत सदतीस म्हटलं."

डॉक्टरांनी बॅग माझ्या हातातून घेतली होती, तेव्हा असेल. त्यांनी मनात मोजलं असणार.

थोड्या वेळाने विचारलं, "आता रात्री भीती वाटते?"

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "खाट केलीय हिला. मच्छरदाणी पण आणली. तर ही झोपायच्या आधी चारी बाजूंनी खोचलीय का ते तीन-तीनदा बघते. म्हटलं, एवढं काय गं."

खोचलेल्या मच्छरदाणीत मण्यार शिरू शकत नाही. मी मुलीला म्हटलं, "तीनदाच बघत जा. मी पण रोज फ्रीज बघते." तिला खरं वाटेना, म्हणून हाताला धरून औषधांच्या खोलीत नेलं. तिने फ्रीजचं दार उघडलं आणि एकेका खोक्यावर बोट ठेवत मोजलं. बावीस होत्या.