पोर्ट उघडूनही दार बंदच

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरीत मामांच्या घरात पाणी शिरलं. लग्नाचे, बारशाचे अल्बम चिकटून गठ्ठा झाले. जे फोटो सुटे निघाले ते स्कॅन करून मी राजारामपुरीत आमच्या जुन्या लॅपटॉपवर, इमिच या फोटो साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले. मामांना आणि पुण्याच्या ताईला ते बघता यावेत, पण लॅपटॉप जगापुढं उघडा पडू नये, एवढंच हवं होतं.

डोमेन घेतलं, राऊटरवर ८० आणि ४४३ पोर्ट, म्हणजे वेबसाईटची नेहमीची दारं, लॅपटॉपकडं फॉरवर्ड केले. काहीच उघडेना. सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेटही मिळेना. दोन रात्री मी एनजिनएक्स या वेब सर्व्हरची फाईल उलटीपालटी करत बसलो, आणि चूक तिथं नव्हतीच. राऊटरच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा इंटरनेटकडचा पत्ता, १००.७२ नं सुरू होत होता, बाहेरच्या साईटवर दिसणारा पत्ता मात्र वेगळाच. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी सीजीनॅटची: इंटरनेट कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागं कितीतरी गिऱ्हाइकं बसवते. बाहेरचं कुणी माझ्या राऊटरपर्यंत पोचतच नव्हतं. तुमच्याकडंही असं होत असेल तर आधी हे दोन पत्ते ताडून बघा, बाकी सगळं नंतर.

मग उलटा रस्ता धरला. छोटा व्हीपीएस, म्हणजे सार्वजनिक पत्ता असलेला दूरचा सर्व्हर, भाड्यानं घेतला. लॅपटॉपच वायरगार्ड या व्हीपीएननं तिकडं जोडला जातो. आतून बाहेर जायला सीजीनॅट आडवा येत नाही. कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत ठेवणारा संदेश, २५ सेकंदांचा ठेवला, नाहीतर थोडा वेळ काही हललं नाही की बाहेरून लॅपटॉप सापडत नाही. व्हीपीएसवर आलेली मागणी लॅपटॉपकडं पाठवणारा कॅडी हा वेब सर्व्हर बसवला. त्याच्या फाईलमध्ये सबडोमेन, आणि खाली लॅपटॉपचा वायरगार्डमधला पत्ता, इमिचचा पोर्ट २२८३. सर्टिफिकेट त्यानं आपणहून आणलं.

खरी धडकी नंतर भरली. व्हीपीएसवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) अपटाइम कुमा, साईट चालू आहे का बघणारा प्रोग्रॅम, चालू होता, पोर्ट ३००१. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये हा पोर्ट बंद. तरी मोबाईल डेटावरून आयपी आणि ३००१ टाकलं, तर लॉगिनचं पान समोर! डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम घालतो, यूएफडब्ल्यूला विचारतच नाही. डॉकरच्या कंपोज फाईलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे फक्त त्याच मशीनच्या आतला पत्ता, लिहिलं, कंटेनर नव्यानं उभा केला आणि पुन्हा मोबाईलवरूनच तपासलं. तेव्हा बंद झालं.

रविवारी मामांच्या फोनवर लॉगिन करून दिलं. मामींनी बारशाचा फोटो बोटांनी मोठा केला. कडेचा पाण्याचा पिवळा डाग मी मुद्दाम पुसला नव्हता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथं तुझी आजी होती."