सायरनआधीची तयारी मोठ्यांची

७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत ठाणे होतं, उरणही होतं. भारत-पाकिस्तान तणावाच्या त्या आठवड्यात पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप अफवांनी भरून वाहत होते. अशा वेळी मुलाला किती घाबरायचं हे कळतं ते घरातल्या आणि वर्गातल्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरून. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनाही मोठ्यांचा आधारच महत्त्वाचा दिसला: बॉम्बपेक्षा आईपासूनची ताटातूट लहान मुलांना जास्त जड गेली.

म्हणून सुरुवात शिक्षकांपासून करा. प्रार्थनेआधी दहा मिनिटं, दोघादोघांच्या जोड्या. झोप झाली का, आज कोणता तास जड जाईल, एवढंच विचारायचं. ज्याला झेपणार नाही त्याचा तास जोडीदाराने घ्यायचा.

वर्गात हजेरीनंतर मुलांनी काय ऐकलंय ते विचारा आणि चुकीचं असेल ते तिथेच दुरुस्त करा. ‘काही होणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. सायरन वाजला की ते वचन मोडतं आणि पुढच्या सूचनाही मुलं ऐकत नाहीत. ‘मला माहीत नाही, कळलं की सांगते’ हे चालतं. मग श्वास: मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. मुलं जोशात छाती फुगवून भराभर श्वास घेतात आणि गरगरतं. लक्ष सावकाश सोडण्यावर ठेवायला सांगा. डोळे मिटायची सक्ती नको, काहींना मिटल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची दृश्यंच येतात.

सायरनचा आवाज आदल्या दिवशी हळू ऐकवून ठेवा. वरखाली होणारा धोक्याचा, सलग एकसुरी धोका टळल्याचा. प्रत्येकाला काम द्या: दिवे, खिडक्या, हजेरीपट, धाकट्याचा हात. हाताला काम असलेलं मूल लवकर सावरतं. ‘युद्धाचं चित्र काढा’ असा गृहपाठ मात्र कृपा करून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचार पुस्तिकाही सांगते की घडलेलं बोलायला कुणावर दबाव आणू नये.

नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सकडे बऱ्याच घरांतले बाबा जहाजावर असतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर तिथल्या मुलांसाठी युद्ध लांबचं राहिलं नाही. बाबांचा फोन आला नाही तर आई कुणाला, किती वाजता विचारणार, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. झोपण्याआधी तासभर बातम्या बंद, आजी-आजोबांच्या खोलीतल्यासुद्धा.

अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं, पोट दुखणं हे सुरुवातीचे काही दिवस चालायचंच, रागावू नका. महिनाभर टिकलं, किंवा त्याआधीच खाणं, झोप, शाळा सुटायला लागली तर तज्ज्ञाला दाखवा. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर दोन्ही नंबर मुलाच्याच अक्षरात लिहून घ्या.