‘ऐकू येतंय का?’

चर्चमध्ये साउंडला बसणाऱ्याकडे लोक वळून बघतात ते काही बिघडलं तरच. त्या रविवारी अख्खी मंडळी वळली.

उपदेश संपला. पाळकसाहेब म्हणाले, "दोन मिनिटं मूक प्रार्थना करू या," आणि कॉलरचा वायरलेस माइक बंद केला. श्वास ऐकू जाऊ नये म्हणून, हेतू चांगलाच. पण त्यांनी दाबला तो म्यूट नव्हे, पॉवरचा खटका. किती वेळा सांगितलंय! म्यूट केलं की फक्त आवाज थांबतो, सिग्नल चालूच राहतो आणि तो पकडणारा रिसीव्हर त्यालाच धरून बसतो. आमचा माइक एफएमवर चालतो, आणि एफएमचा स्वभावच असा की एका फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर जोरातला ऐकू येतो, दुबळा पार दबतो. पॉवर काढली की दुबळ्याला रान मोकळं.

अर्धं मिनिट गेलं असेल. स्पीकरमधून पुरुषी आवाज आला, "हॅलो... ऐकू येतंय का?" मग जरा वैतागून, "अरे, कुणीतरी बोला."

पुढच्या बाकावरून एक आजोबा खणखणीत म्हणाले, "हो."

शेजारच्या सभागृहात माइक तपासत होते. पहिल्या ‘हॅलो’लाच मला कळलं होतं, बोटही आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर होतं. तरी तो खाली ओढला ‘हो’ ऐकल्यावरच. मीही ऐकत बसलो होतो, दुसरं काय.

दारात आजोबांनी विचारलं, "कोण होतं रे?" सांगितलं. "असं होय! मला वाटलं तूच विचारतोयस."

पाळकसाहेबांनी चूक स्वतःवर घेतली. कमिटीने ‘नवा सेट घेऊ’ म्हणून विषय मिटवला. चांगल्या सेटमध्ये ट्रान्समीटर सुमारे ३२ किलोहर्ट्झचा, कानाला न कळणारा टोन पाठवतो. तो नसेल तर रिसीव्हर तोंडच उघडत नाही. आमच्या सेटला ते नाही. पण फ्रिक्वेन्सी बदलायला काय लागतं? शेजारी जाऊन एकदा विचारायचं, तेवढंही कुणी करत नाही. मीही केलं नव्हतं.

आणि स्क्वेल्चचं मी कुणालाच सांगितलं नाही. किती दुबळ्या सिग्नलला आत घ्यायचं ते रिसीव्हरवरच्या त्या स्क्रूवर ठरतं. मागच्या खांबाजवळ माइक तुटतो म्हणून आदल्याच आठवड्यात मी तो अगदी खाली आणला होता. आता परत वर नेलाय. खांबाजवळ आवाज पुन्हा तुटतो, आणि पाळकसाहेब समजुतीने म्हणतात, "सेट जुना झालाय रे, तू तरी काय करणार?"