खापरी, राख आणि मेथी: सिएटलजवळच्या बागेतून

कुंडीच्या तळाशी खापरी घालायची की नाही, यावरून मी अमेरिकेत वाद घालेन असं वाटलं नव्हतं. यंदा मी मास्टर गार्डनर झाले. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीकडून रीतसर शिकून लोकांना बागकामाचा फुकट सल्ला देणारे स्वयंसेवक म्हणजे मास्टर गार्डनर. आमचं टेबल कधी बाजारात, कधी ग्रंथालयात लागतं. लोक पिशवीत किडकी पानं घेऊन येतात आणि आम्ही उत्तरं देतो.

प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, कुंडीच्या तळाला खडीचा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पुरती गच्च भिजते, तेव्हाच ते खाली सुटतं. म्हणजे एरवी तळाशी राहणारी ओल खडीमुळे वर, मुळांच्या जवळ सरकते. याच विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट अशा रूढ समजुती तपासून लोकांपुढे मांडतात, आणि ही समजूत त्यांतलीच एक.

मला हे लागलं. वाईला आजोबांच्या प्रत्येक कुंडीत खापरी होती आणि त्या कुंड्यांमधला मोगरा आळीभर दरवळायचा. मी वर्गातच उठून सांगितलं, की आमची खापरी म्हणजे थर नव्हे. छिद्रावर एकच तुकडा, तोही पालथा, पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये म्हणून. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एका तुकड्याने फार बिघडत नाही, एवढं मान्यही केलं. आजोबांची बाजू मी आजही सोडलेली नाही.

खापरीपेक्षा मोठी अडचण नियमाची होती. टेबलावर बसल्यावर संशोधनाचा आधार असेल तेवढंच बोलायचं. कीड आणि रोगांसाठी विद्यापीठाची ‘हॉर्टसेन्स’ नावाची माहितीपत्रकं आहेत, त्यात आहे तेच सांगायचं. शेण-गोमूत्राचं जीवामृत नाही, आंबट ताकाची फवारणी नाही, तंबाखूचं पाणी तर मुळीच नाही. घरात तीन पिढ्या माती हातात असताना ‘याला आधार काय’ असं कुणी विचारलं की राग येतोच. आपल्याकडे आधार म्हणजे पीक उभं राहिलं की नाही, एवढाच असतो.

पण राखेचं उदाहरण पाहा. इथे हिवाळाभर पाऊस पडतो, त्याने क्षार धुऊन जातात आणि माती आम्लधर्मी होते. चुलीतली राख तिची आम्लता कमी करते. भाजीच्या वाफ्यात तिचा बेताने उपयोग होतो, पण ब्लूबेरीला आम्लधर्मीच माती लागते आणि इथे अंगणाअंगणात ब्लूबेरी आहे. ‘झाडाला राख घाला, चांगली असते’ असं मी सरसकट सांगितलं, तर कुणाचं तरी झाड पिवळं पडणार. देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिथला हिशोब वेगळा. तंबाखूतलं निकोटिन मधमाशीलाही मारतं आणि फवारणाऱ्यालाही बाधतं. नियम जाचतो, पण तो का आहे हे मला कळतं.

त्याहून मला आवडतं ते इथल्या जुन्या स्वयंसेवकांचं ‘माहीत नाही, शोधून कळवते’ म्हणणं. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई टोमॅटोवरच्या एका डागासाठी घरी जाऊन वाचतात आणि त्या माणसाला आवर्जून फोन करतात. पगार नाही, तरी करतात. आपल्याकडे ज्येष्ठ माणसाच्या तोंडून ‘माहीत नाही’ मी फार क्वचित ऐकलं आहे.

हा उपक्रम सुरू झाला तोही इथेच. सिएटल-टकोमा भागातल्या हौशी बागकाम करणाऱ्यांचे इतके फोन येऊ लागले, की शेती-बागेची माहिती लोकांपर्यंत पोचवणाऱ्या विद्यापीठाच्या विस्तार विभागातली मोजकी माणसं त्यांना पुरी पडेनात. तेव्हा 1973 मध्ये स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत देशभर गेली.

कौतुक आहेच, पण शिकवण्याची ही रीत फक्त यांचीच असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला. ते गणिताचे प्राध्यापक. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना त्यांनी स्वतः प्रयोग करून एकमेकांना कळवायला शिकवलं. प्रमाणपत्र नव्हतं, गळ्यात ओळखपत्र नव्हतं, पण नोंदी होत्या आणि पडताळणीही होती. हे मी आमच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाव लिहून घेतलं.

उन्हाळ्यात आमच्या टेबलाशी मुलांकडे राहायला आलेले आपले काका-काकूही थांबतात. अकोल्याकडच्या एका काकूंची भेंडी गुडघ्याएवढीही होत नव्हती. इथे जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो, पण रात्री गारठा, आणि भेंडीला रात्रही उबदार लागते. मी त्यांना वाफ्यावर प्लास्टिकचं आच्छादन घालायला सुचवलं. मग त्या मेथीबद्दल सांगायला लागल्या. बी रात्रभर भिजवायचं, दाट फेकायचं, मातीचा हलका थर द्यायचा. शेजारच्या अमेरिकन बाई मला विचारून विचारून सगळं वहीत उतरवत होत्या. इथल्या गार वसंतात मेथी खरंच छान येते. कोथिंबीर मात्र दिवस लांबला की लगेच फुलावर जाते, म्हणून ती लवकर पेरावी किंवा ऑगस्टअखेर.

एक विनंती. बॅगेतून परस्पर बियाणं आणू नका. त्याला परवाना किंवा रोगमुक्ततेचा दाखला लागतो आणि विमानतळावर ते जाहीर करावं लागतं. कढीपत्त्याचं रोप तर नाहीच नाही. त्यावरून येणारी कीड लिंबू-संत्र्याच्या झाडांत रोग पसरवते.

येत्या वसंतात ग्रंथालयात मेथीवर बोलायला मला परवानगी मिळाली आहे, अट तीच, आधार दाखवायचा. राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत पालेभाज्यांवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर मला जरूर कळवा. थंड हवेत मेथी घेणाऱ्यांनी पेरणीचा महिना, मातीचा प्रकार आणि पहिल्या कापणीपर्यंत लागलेले दिवस लिहून पाठवले, तर माझ्या फार कामी येतील.